हा तुझा भाऊ

वसईत ३१ डिसेंबरला म्हातारा जाळतात. जुनी पँट, जुना शर्ट, आत पेंढा आणि वाळलेली केळीची पानं ठासून भरायची, डोक्याच्या जागी मडकं, तोंडात विडी. चार दिवस आधीपासून पोरं त्याला नाक्यावर खुर्चीत बसवून ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याकडून पाच-दहा रुपये मागतात आणि बाराच्या ठोक्याला काडी लावतात. सरतं वर्ष त्याच्याबरोबर जळून गेलं असं मानायचं.

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या रात्री माझ्या ऑफिसातली तीन कुटुंबं मुंबईहून आमच्याकडे आली होती. चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, आटोपून आम्ही सगळे नाक्यावर आलो. म्हातारा नुकताच पेटला होता. जाळाच्या पलीकडून दादा आला. माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. शर्टाची बटणं एक काज चुकवून लावलेली. मला बघून त्याने हात वर केला आणि तो हसला. माझ्या शेजारी साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "सणासुदीला असतात असे."

दादाचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला, मग खाली आला. तो वळून काळोखात गेला. फटाके वाजत होते, मधे जाळ होता, त्याला ऐकू गेलं नसणार, असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिलो.

आमच्या घरामागे बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आहे. पाठीला दोन सुके नारळ बांधून दादाने मला त्यात पोहायला शिकवलं. नारळ सोडायची वेळ आली तेव्हा मी रडलो. तो पाण्यात उभा राहून हात पसरून म्हणाला, "ये, मी आहे." एवढं सांगितलं म्हणजे तो मला कोण होता ते कळेल. पुढे त्याला दारू लागली. कशी लागली याची मोठी कहाणी नाही. आमच्याकडे लग्नाला, बारशाला, सणाला ग्लास पुढे येतो आणि शंभरातले बरेचजण तो ठेवून उठतात. दादा उठला नाही. बाबा गेल्यावर त्याने आपल्या वाटणीची अर्धी वाडी विकली. वसईत तेव्हा जमिनीला सोन्याचा भाव आला होता, गिऱ्हाईक दारात उभं असायचं. जिथे केळी आणि पानवेली होत्या तिथे आज चार मजल्यांची इमारत आहे. पैसे दीड वर्षात संपले.

वहिनीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. त्या आठवड्यात घरी आलेल्या बायांपैकी एकीने ओटीवर बसून सांगितलं, बापाच्या पापाचं फळ लेकराला मिळतं. वहिनी आत झोपली होती. तिला ऐकू गेलं. मी तेव्हा बाहेर होतो आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून तसंच काहीतरी वाटत होतं, फक्त मी ते बोललो नव्हतो.

ज्या श्रद्धेच्या नावाने आपण अशी वाक्यं बोलतो, त्या श्रद्धेच्या धन्याने त्यांना स्पष्ट नकार दिलेला आहे. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, गुरुजी, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची बातमी आहे. ती माणसं इतरांहून जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला, असं विचारून तोच उत्तर देतो, नाही. जुन्या करारातला ईयोब हा निर्दोष माणूस, त्याच्यावर एकामागून एक संकटं कोसळली; त्याची गोष्ट तर सगळी ह्याच प्रश्नावर उभी आहे. त्याचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. मग ते कारणं सांगू लागले, तू काहीतरी केलं असशील, आठव जरा. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, ह्या कारणं सांगणाऱ्यांवर.

आमच्या शेजारची एक म्हातारी, बंदरावर मासळी विकणारी, रोज दुपारी पाटी घेऊन यायची आणि वहिनीच्या खाटेपाशी बसून करंदी सोलायची. कधी वहिनीच्या हातातही मूठभर द्यायची. दोघी सोलत बसायच्या. ती काय बोलायची असं मी एकदा वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, "काहीच नाही."

मग माझा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. दुःख देव पाठवत नसेल तर तो ते अडवत का नाही? दादाने पहिला ग्लास उचलला तेव्हा त्याचा हात का धरला नाही? त्याच्या स्वातंत्र्याची किंमत वहिनीने का भरायची, जी आयुष्यात कधी चुकीच्या वाटेने गेली नाही? हा प्रश्न मी एका वयस्क फादरांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, पुन्हा वाचायला सांगितला. मला राग आला, कारण तो दाखला आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. पण वाचला.

धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे तुम्ही मेलात तरी चालेल असं तोंडावर सांगणं, हे गावात राहणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. आणि बाप काय करतो? वाटून देतो. भांडण नाही, शपथा नाहीत, दाराला कडी नाही. हे वाचताना मला पहिल्यांदा त्या बापाची भीती वाटली. जो एवढं जाऊ देतो तो काय सोसत असेल? मुलगा नोकरासारखा घरात राहिलेला त्याला नको होता. मुलगा म्हणून राहायचं तर राहणं त्याच्या मनातून यायला हवं आणि मनातून राहता येतं त्याला मनातून जाताही येतं. ह्यात वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या दुःखाने कुणी शुद्ध झालं, कुणाचा उद्धार झाला असलं काही मी कधीच म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की त्या बापानेही दुःख दुसऱ्यावर ढकललेलं नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने हा प्याला टळू दे असं आधी मागितलं, मग स्वतःच्या इच्छेने तो उचलला. क्रुसावर त्याने का म्हणून विचारलं आणि त्यालाही उत्तर मिळालं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दादाला मी सतत म्हणायचो, "मनात आणलं तर आजच सोडशील." मी स्वातंत्र्याला विजेच्या बटणासारखं समजत होतो. संत ऑगस्टीन इसवी सनाच्या चौथ्या शतकात जन्मले, उत्तर आफ्रिकेत बिशप झाले, तरुणपणी बरंच भरकटले होते. ते स्वतःबद्दल लिहितात की वाकड्या इच्छेतून वासना झाली, वासनेची चाकरी केली तेव्हा सवय झाली आणि सवयीला अडवलं नाही तेव्हा ती गरज झाली. एकेक कडी जोडत गेली आणि साखळी माझ्याच इच्छेची होती, असं ते म्हणतात. ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, जे नको वाटतं तेच होतं. १९९२ साली जाहीर झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही स्पष्ट म्हटलं आहे की सवय, भीती, अज्ञान ह्यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी संपूही शकते. हे सगळं मी नंतर वाचलं. दादाने ते एका वाक्यात सांगितलं होतं: "पहिला ग्लास मी उचलला. पुढचे कुणी उचलले ते मला माहीत नाही."

मी मात्र पहिला ग्लास कधी विसरू दिला नाही. आई जिवंत होती तोवर आमचं बोलणं असं चालायचं. मी रविवारी मुंबईहून यायचो आणि विचारायचो, "तुझा लेक कुठे आहे?" किंवा "काल तुझ्या लेकाला चौघांनी उचलून आणलं म्हणे." आई जपमाळ थांबवायची नाही, फक्त एकदा मान वर करून माझ्याकडे बघायची. तिचे दोन लेक होते. मी एकाबद्दल बोलत होतो आणि दुसरा मी होतो.

दाखल्यातला थोरला भाऊ हेच करतो. मला वर्षानुवर्षं ते दिसलं नव्हतं, कारण प्रवचनं धाकट्यावर होतात. धाकटा सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, उपाशी घरी परततो; बाप धावत बाहेर जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी घालतो. थोरला तेव्हा शेतात असतो. शेतातून परत येताना त्याला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकू येतो, नोकराकडून कारण कळतं आणि तो बाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. त्या दिवसात बाप दोनदा घराबाहेर आलेला आहे. थोरला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली आणि तुमची संपत्ती उडवून "हा तुमचा मुलगा" आला तर मेजवानी. भाऊ हा शब्द त्याच्या तोंडून येत नाही. बाप रागावत नाही, शब्द तेवढा दुरुस्त करतो: "हा तुझा भाऊ मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे." गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. धाकटा घरात आहे, जेवतो आहे. निवड शिल्लक आहे ती बाहेर उभ्या असलेल्याची.

दादा शुद्धीवर आला. मराठी बायबलात धाकट्या मुलाबद्दल हाच शब्द आहे, तो डुकरांजवळ बसलेला असताना शुद्धीवर आला. दारुड्याच्या घरातल्या माणसांना ह्या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. कुणी चमत्कार केला नाही. जवळच्याच एका शाळेच्या वर्गात दर मंगळवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग भरते. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने त्याला तिथे नेऊन बसवलं. पहिल्या वर्षात तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला तो आजवर बसलेला आहे.

ह्या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात झाली, एक शेअर बाजारातला दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पिण्याने मोडलेले. त्यांच्या बारा पायऱ्यांमधला पापनिवेदनाचा आणि भरपाईचा भाग त्यांनी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीकडून घेतला होता. पहिली पायरी अशी की दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करायचं. मला हे आधी उलटं वाटलं. स्वातंत्र्य परत मिळवायला निघालेल्या माणसाने आधी आपण स्वतंत्र नाही असं म्हणायचं? पण ऑगस्टीनची साखळी आठवली की पटतं. साखळी आहे हे न मानणारा ती तोडायला तरी कसा बसणार? चौथ्या पायरीला आपल्या चुकांचा निर्भयपणे आढावा घेऊन तो लिहून काढायचा, पाचवीला तो देवाजवळ आणि एका माणसाजवळ बोलायचा, आठवीला आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची, नववीला त्यांच्याकडे जायचं.

तो माझ्याकडे आला तेव्हा नववीवर होता. शाळेच्या वहीचं चौकटीचं पान, चार घड्या घातलेलं. त्याने चष्मा लावून वाचलं. माझ्या लग्नात घातलेला गोंधळ. माझ्या सहीने सोसायटीतून काढलेले साडेतीन हजार. आईच्या दवाखान्याचे पैसे. माझ्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला तो आला तो प्रसंग. सगळं वाचून झाल्यावर त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं, त्यात दोन हजार होते, उरलेले महिन्याला पाचशे देईन म्हणाला. मी काय केलं? मी खुर्चीत मागे टेकून ऐकलं. मी म्हटलं, "झालं गेलं, जाऊ दे." त्याला पाणी दिलं. दरवाजापर्यंत सोडायला गेलो. वर येऊन बायकोला सांगितलं, मी त्याला माफ केलं. ३१ डिसेंबर मला त्या संध्याकाळी आठवला नाही असं नाही. आठवला आणि मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून घ्यायला रांगेत उभा होतो. झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात घेऊन आपण होसान्ना म्हणतो, त्याच वाळवून, जाळून पुढच्या वर्षीची राख करतात. ज्या हाताने जयजयकार केला त्याच हातातलं पान कपाळावर परत येतं. फादरांनी अंगठा टेकवून म्हटलं, "पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा." हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतो आहे. त्या दिवशी मला त्यातला ताप ऐकू आला. पश्चात, मग ताप. नंतर चढणारा ताप. आपल्या भाषेने केवढं अचूक नाव दिलं आहे. तुकोबांनी म्हटलं आहे की चित्त अनुतापात न्हालं की तेच प्रायश्चित्त. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत, त्यातला एक दगड हा असणार. पण बायबलाच्या मूळ भाषांमध्ये आणखी काही आहे. हिब्रूत पश्चात्तापासाठी येणारा शब्द साधा चालण्यातला आहे, शूव, मागे फिरणं. ग्रीकमध्ये मेटानोइया, मन पालटणं. नुसता ताप चढून भागत नाही. ताप चढलेला माणूस अंथरुणातच पडून राहू शकतो. मी इतकी वर्षं तसाच पडून होतो.

त्या उपवासकाळात मी येशूचे दोन शिष्य, यहूदा आणि पेत्र, ह्यांच्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचल्या. एकाच रात्रीत दोघांनी दगा दिला. यहूदाला आपण खलनायक करून सोडून देतो, पण शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्याच्याबद्दल काय लिहितो पाहा. त्याला पस्तावा झाला. तो चांदीची तीस नाणी घेऊन मुख्य याजकांकडे परत गेला. मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं, असं त्यांच्यापुढे बोलला. नाणी मंदिरात टाकून दिली. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रायश्चित्ताचे जे भाग शिकवतात, खंत, कबुली आणि भरपाई, ते तिन्ही यहूदाने केले. पेत्राने त्या रात्री रडण्याखेरीज काहीही केलं नाही. मग फरक कुठे पडला? यहूदा ज्यांच्याकडे गेला ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. कबुली द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी असं सांगितलं आणि दार लावून घेतलं. ज्याला विकलं त्याच्याकडे परत जाता येतं हे यहूदाला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. माझ्या टेबलावर पाकीट ठेवणाऱ्या दादाला मी पाणी दिलं, पण मला वाटतं मीही त्याला तेच म्हटलं होतं.

कुठलाही माणूस नावानिशी नरकात गेला असं चर्च कधी जाहीर करत नाही, यहूदासुद्धा. फ्रान्समध्ये व्हेझले नावाच्या गावी जुनं चर्च आहे. तिथल्या बाराव्या शतकातल्या एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला गळफास घेतलेला यहूदा कोरला आहे आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे. हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेतात तसं. तो माणूस कोण ते दगडावर लिहिलेलं नाही. पोप फ्रान्सिस त्याला उत्तम मेंढपाळ, म्हणजे येशू, म्हणत.

पेत्राची गोष्ट मला जास्त जवळची, कारण त्याने येशूला विकलं नाही. त्याने फक्त म्हटलं, मी ह्या माणसाला ओळखत नाही. तेही विस्तवाजवळ, शेकत उभा असताना, एका बाईने सहज विचारल्यावर. योहानाने मूळ ग्रीकमध्ये तिथे कोळशाच्या विस्तवासाठी जो शब्द वापरला आहे, तो नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो. पुनरुत्थानानंतर तिबेरियाच्या किनाऱ्यावर. शिष्यांनी रात्रभर जाळं टाकलेलं, हाती काही लागलेलं नसतं, किनाऱ्यावर कोळसे पेटलेले, त्यावर मासे आणि भाकर, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. पेत्र त्याआधीच होडीतून पाण्यात उडी टाकून पोहत त्याच्याकडे आलेला असतो. पुन्हा तोच विस्तव, तोच वास. तीनदा नाकारलं होतं म्हणून तीनदा प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. जखम धुताना दुखतंच. त्या रात्रीचा उल्लेख मात्र येशू एकदाही करत नाही. तो पेत्राला काम देतो, माझी कोकरं चार. आणि सांगतो, तरुण होतास तेव्हा कंबर बांधून हवं तिथे जायचास, म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुला बांधून नको तिथे नेईल.

नाकारणाऱ्यांना परत घ्यायचं की नाही ह्यावर चर्च एकदा अक्षरशः दुभंगायला आलं होतं. इसवी सन २५० मध्ये सम्राट डेसियसने साऱ्या साम्राज्यात देवांना बळी देण्याचा हुकूम काढला. बळी दिला की अधिकारी तसा दाखला लिहून द्यायचे. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. हजारो ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला बळी दिले, काहींनी पैसे चारून नुसते कागद मिळवले. छळ ओसरल्यावर ही माणसं चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने ठाम सांगितलं, ह्यांना परत घेता येणार नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, दार लगेच सताड उघडणार नाही, पण बंदही करणार नाही. प्रायश्चित्त करू द्या, वेळ लागू द्या, मग आत घ्या. चर्च सिप्रियनच्या बाजूने गेलं. पुढे २५८ मध्ये त्यांनी स्वतः नाकारलं नाही आणि त्यांचा शिरच्छेद झाला. मोडणार नाही असा तो माणूस मोडलेल्यांसाठी भांडला, ह्याचं मला फार वाटतं.

पवित्र सप्ताहात मी कन्फेशनला गेलो. जाळीपलीकडच्या फादरांना सगळं सांगितलं, बोललेलं ते वाक्यसुद्धा, "सणासुदीला असतात असे." ऐकलेलं बाहेर न काढण्याचं बंधन फादरांवर असतं, माझ्यावर नाही, म्हणून त्यांचं बोलणं लिहितो आहे. ते म्हणाले, "भाऊ जिवंत आहे?" मी हो म्हटलं. "कुठे असतो?" मी म्हटलं, इथेच, चर्चपासून दहा मिनिटांवर. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना न सांगता एवढंच सांगितलं, "ईस्टरच्या आधी त्याच्याकडे जा. पाच वाक्यांत सांग. कारणं सांगू नकोस."

शनिवारी सकाळी गेलो. दादा उरलेल्या वाडीत होता. केळीचा घड वजनाने झुकला होता, त्याला बांबूचा टेकू द्यायचं चाललं होतं. वहिनी पाटाच्या कडेला भाजी काढत होती, मला बघून ती घराकडे वळली. मी उभ्या उभ्या सांगितलं. पाच वाक्यांत झालं नाही, पण कारणं सांगितली नाहीत.

दादाने हातातली दोरी खाली ठेवली नाही. म्हणाला, "मी ऐकलं होतं."

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मग वही घेऊन आलास तेव्हा बोलला का नाहीस?"

"माझ्या वहीत माझं लिहायचं असतं," तो म्हणाला. "तुझं तू लिहायचं." त्याने घडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरले होते ते त्याने पुसले नाहीत. "मंगळवारची वर्गाची चावी माझ्याकडे असते. गुडघा फार दुखतो आताशा. जिना चढवत नाही."

"मी उघडीन."

"खुर्च्या पंधरा लावायच्या. चहाचं पातेलं शिपायाकडून घ्यायचं. आत बसायचं नाही तू, बाहेर थांबायचं."

"थांबेन."

"आता हा बांबू धर."

मी बांबू धरला. घड वाटला होता त्याहून जड होता. दादाने दोरीचे दोन वेढे दिले आणि गाठ मारायला माझ्या हाताखाली हात घातला.